एका कोशिंबिरीची बखर

कोल्हापूरच्या इतिहासकारांनी कोशिंबिरीवर मोठा अन्याय केलेला आहे. अंबाबाईचं देऊळ, पन्हाळा, शाहू महाराज, खासबागेतल्या कुस्त्या, गूळ, चपला, साज आणि तांबडा-पांढरा रस्सा या प्रत्येक विषयावर कोणी ना कोणी भरपूर शाई खर्च केली आहे. कोशिंबिरीवर मात्र कोणी एक ओळ लिहिली असेल तर शपथ! बिचारी ताटाच्या डाव्या बाजूला, चटणी आणि लोणचं या दोन दांडगट शेजाऱ्यांच्या मध्ये अंग चोरून बसलेली असते. आठवली तर वाढतात, आणि संपली म्हणून पंगतीत आरडाओरडा करणारा माणूस निदान आमच्या गल्लीत तरी अजून जन्माला आलेला नाही. मटणाच्या पंगतीत तर तिला दारातूनच परत पाठवतात. तिथं कांदा आणि लिंबाची फोड यांनाच काय तो प्रवेश असतो.

तेव्हा ही बखर लिहायचं कुणाच्या तरी नशिबी होतंच. ते माझ्या नशिबी आलं याला कारण आमची भाची. ती असते जपानात, योकोहामाला. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, आमची आक्का, असते मंगळवार पेठेत. पूर्वी त्या घरात दोन्ही वेळेला अठरा पानं पडायची. दीर, जावा, पुतणे, शिकायला राहिलेली खेड्यावरची मुलं आणि शिवाय 'सहज आलो होतो' म्हणून नेमक्या जेवणाच्या वेळी येणारे दोघं-तिघं. आता भावजी गेले, पुतणे पुण्याला आणि बंगलोरला गेले, आणि घरात आक्का, देवघर आणि एक मांजर एवढेच उरलेत. अठराजणांचा स्वयंपाक हसतहसत करणाऱ्या बाईला एकटीचा स्वयंपाक करायचा कंटाळा यायला लागला. "एकटीसाठी कुठं तवा तापवायचा?" असं म्हणत ती रात्रीच्या जेवणाला चहा आणि सकाळची चपाती यावर आणून ठेवायला लागली. डॉक्टरांनी वजन पाहिलं, नाडी पाहिली आणि "प्रोटीन कमी पडतंय" असं सांगितलं. आक्काला वाटलं, हे औषधाच्या दुकानात मिळत असावं.

भाचीनं मग फोनवरून फर्मान सोडलं. हल्ली फोनमध्ये चेहरा दिसतो, त्यामुळे खोटं बोलायची सोय राहिलेली नाही. मी शेजारीच बसलो होतो.

"आई, तू एदामामे करत जा. दहा मिनिटांत होतं."

"काय करू?"

"ए-दा-मा-मे!"

आक्का माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला येडा मामा म्हणालीय बघ ती."

आता कोल्हापुरात वेड्याला खुळा म्हणायची पद्धत असल्यामुळे हा अपमान तसा परगावचा होता. मी तो मनावर घेतला नाही. भाचीनं खुलासा केला, की 'एदा' म्हणजे फांदी आणि 'मामे' म्हणजे दाणा, शेंग. फांदीवरच्या शेंगा. आणि ही वस्तू म्हणजे दुसरं तिसरं काही नसून आपलं कोवळं, हिरवं सोयाबीन. त्याची झटपट, पौष्टिक, 'आशियाई पद्धतीची' कोशिंबीर करायची. त्यावर आक्कानं विचारलं, "मग आपण काय युरोपात ऱ्हातोय व्हय?"

या प्रश्नाला भाचीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. पण निवृत्त माणसाला असा एखादा प्रश्न मिळाला की त्याची दुपारची झोप उडते. मी पुस्तकं काढली आणि आशियाई पद्धत म्हणजे नेमकी कुणाची पद्धत, याचा शोध सुरू केला.

पहिलीच गोष्ट सापडली ती अशी, की 'एदामामे' हा शब्द जपानी कागदांत सर्वांत आधी आढळतो तो एका आभाराच्या पत्रात. निचिरेन नावाचे एक बौद्ध भिक्षू होऊन गेले. १२७५ साली कुणा भक्तानं त्यांना शेंगा भेट दिल्या आणि त्यांनी पत्र लिहून पोच दिली. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वी त्या देशात शेंगांच्या जुडीबद्दलसुद्धा लेखी आभार मानत होते. आमच्याकडे गावाकडून पोतंभर भुईमुगाच्या शेंगा आल्या तरी "अवंदा जरा बारीकच हायत" एवढीच पोच मिळते. आणि योगायोग पाहा, ज्ञानेश्वर महाराजांचा जन्म शके ११९७ चा धरतात, म्हणजे तेही १२७५ सालच! तिकडे शेंगांचं पत्र, इकडे ज्ञानोबांचा जन्म. देवगिरीवर रामदेवराय यादव राज्य करत होता, आणि पन्हाळ्यावरून राज्य केलेल्या शिलाहारांना यादवांनी घालवून साठेक वर्षं झाली होती.

पुढं एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या अडीचशे वर्षांत, तिकडच्या शहरांतून उकडलेल्या शेंगा फांदीसकट विकणारे फेरीवाले फिरायचे. गिऱ्हाईक फांदी हातात घेऊन चालता चालता एकेक शेंग तोंडात धरून दाणे ओढून खायचं. हे वाचलं आणि मला बिंदू चौकातला हरभऱ्याचा डहाळा आठवला. आपल्याकडे काय वेगळं करतात? थंडीत डहाळे हातात घेऊन सोलत सोलत माणूस घरापर्यंत येतो आणि मागं साऱ्या रस्त्यावर घाट्यांची टरफलं पसरून ठेवतो. भुईमुगाच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडतात. ओल्या तुरीच्या शेंगा उकडतात. तिकडे रायगडात वालाच्या शेंगा मडक्यात भरून, भांबुर्ड्याचा पाला कोंबून त्याची पोपटी लावतात. शेंग कोवळी असताना मीठ लावून खावी हे शहाणपण कुणी कुणाला शिकवलेलं दिसत नाही, ज्याच्या त्याच्या पोटानंच ते शोधून काढलेलं आहे. टरफलांचा प्रश्न मात्र सगळीकडे आहे. लोकमान्यांची शाळेतली गोष्ट आपल्याला पाठ आहेच. एदामामेचं टरफलही चिवट असतं, खायचं नसतं. ते कुणी उचलायचं, याबद्दल जपानी ग्रंथ गप्प आहेत.

आता मुळात सोयाबीन हे नाव. याची तर मोठी मजा आहे. ही शेंग माणसाळली चीनमध्ये, तीन हजार वर्षांहूनही आधी. ओल्या शेंगेला चिनी लोक 'केसाळ शेंग' अशा अर्थाच्या नावानं ओळखतात आणि ते बरोबर आहे, तिच्या अंगावर सुरवंटासारखी लव असते. पण युरोपातल्या लोकांना शेंग आधी भेटलीच नाही. त्यांना भेटला तिचा रस्सा! जपानात सोयाबीन आणि गहू आंबवून जो काळा, खारट द्रव करतात त्याला 'शोयु' म्हणतात. सतराव्या शतकात नागासाकीला डच व्यापारी होते, ते हा द्रव जहाजांतून नेऊ लागले. डच तोंडात शोयुचा 'सोया' झाला, इंग्रजांच्या तोंडात 'सॉय' झाला, आणि मग हा पदार्थ ज्याच्यापासून होतो तो दाणा म्हणून त्याचं नाव पडलं सोयाबीन. म्हणजे बोकडाला 'पांढऱ्या रश्श्याचं जनावर' म्हणण्यापैकीच हा प्रकार झाला. त्याच डचांची वखार १६३७ पासून आपल्या वेंगुर्ल्याला होती. एखादी बुधली बैलावर घालून घाट चढून आली असती, तर कोल्हापुरात तिसरा, काळा रस्साही झाला असता. पण इतिहासात 'असतं तर' लिहायचं नसतं असं शाळेत शिकवलेलं आहे.

मराठीत या नावानं आणखी एक घोटाळा केला. हिंदीत सोया म्हणजे शेपू. आणि मराठीत 'सोय' ऐकू येते ती वेगळीच. सुरुवातीला आमच्या आळीतल्या बायकांची समजूत होती, की ही सोयीची काहीतरी बीन आहे. नंतर त्यांनी ती शिजवून पाहिली आणि ती गैरसोयीची आहे असा निर्णय दिला.

हा निर्णय फार महत्त्वाचा आहे, कारण या देशात सोयाबीन ताटात आणायचे जेवढे प्रयत्न झाले, ते सगळे याच ठिकाणी अडकले. पहिला नेटाचा प्रयत्न झाला तो १९३० नंतरच्या दशकात. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांचं राज्य होतं. नवं ते करून पाहायची त्या संस्थानाला हौसच होती. तिथल्या एफ. एस. काळे यांनी सोयाबीनवर इंग्रजीत एक सबंध पुस्तक लिहिलं, आहारातलं महत्त्व, लागवड, उपयोग आणि शिवाय पाककृती, आणि १९३६ साली ते बडोद्यात प्रसिद्ध झालं. त्याच सुमारास, १९३५ मध्ये, गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. त्यांनी तिथं आश्रमीयांना सोयाबीन खायला घालून पाहिलं आणि 'हरिजन'मधून त्याबद्दल लिहिलं. गरिबाला स्वस्तात पोषण कसं मिळेल, ही त्यामागची तळमळ होती आणि ती खरी होती. आश्रमातल्या मंडळींचं मत काय पडलं असेल याची मी आपली कल्पना करून पाहतो. उपोषणाला घाबरणारी ती माणसं नव्हती, तेव्हा जेवणाला तरी कशाला घाबरतील?

पण देशानं काही सोयाबीनची आमटी केली नाही. त्याचं कारण आमच्या आळीतल्या बायकांनी दिलेलंच आहे. वाळलेलं सोयाबीन डाळीसारखं शिजून एकजीव होत नाही. त्यात जवळजवळ चाळीस टक्के प्रथिनं आणि अठरा-वीस टक्के तेल. तुरीच्या डाळीत तेल नावालासुद्धा नसतं. त्यामुळे सोयाबीनचं वरण करायला गेलं की ते वरणासारखं वागत नाही, आणि त्याला एक कच्चट वास येतो तो वेगळाच. शिवाय कच्चं खावं तर पोटात तक्रार. आपल्या पोटात प्रथिनं पचवणारा ट्रिप्सिन म्हणून एक पाचकरस असतो, त्याला अडवणारं द्रव्य कच्च्या सोयाबीनमध्ये असतं. म्हणजे प्रथिनं देणारही तोच आणि पचू न देणारही तोच! चांगलं शिजवलं की हे द्रव्य बरंचसं निकामी होतं. म्हणून चीन-जपानवाल्यांनी त्याचं दूध काढलं, टोफू केला, आंबवलं, किंवा सरळ कोवळं असतानाच उकडून खाल्लं. आपण मात्र ते वाळल्यावरच हातात घेतलं आणि मग तक्रार केली.

सोयाबीनचं दुसरं आगमन झालं १९६० नंतर. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांनी प्रयोग केले, आणि मध्य प्रदेशात पावसाळ्यात रिकाम्या राहणाऱ्या काळ्या रानात हे पीक फोफावलं. या खेपेला ते डाळ म्हणून आलं नाही, तेलबी म्हणून आलं. तेल काढायचं आणि पेंड कोंबड्यांना घालायची. पुण्याच्या आघारकर संस्थेनं 'एमएसीएस' नावाचे वाण काढले. आपल्या सांगलीजवळ कसबे डिग्रजला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. कृष्णा-वारणेकाठच्या दमट हवेत सोयाबीनवर तांबेरा पडायचा आणि हिरवंगार शिवार बघता बघता गंजल्यासारखं व्हायचं. त्या तांबेऱ्याला तोंड देणारे वाण या केंद्रानं तयार केले. कागदावर त्यांची नावं 'केडीएस' अमुक आणि तमुक अशी असतात. त्यातला 'केडी' म्हणजे कसबे डिग्रज. एका खेडेगावाचं नाव बियाण्याच्या पिशवीवरून साऱ्या महाराष्ट्रात फिरतं, ही काही लहान गोष्ट नाही. ज्यांच्यावर चित्रपट निघतात अशांचीही नावं एवढ्या बांधांवर पोचलेली नसतात.

आता हातकणंगले, शिरोळ, कागल, करवीर कुठंही जा, खरिपात उसाच्या मध्ये, उसाच्या आधी, उसाच्या शेजारी सोयाबीन दिसतं. भुईमुगाची बरीचशी जागा त्यानं घेतली. भुईमूग उपटायचा, शेंगा तोडायच्या, वाळवायच्या, त्याला माणूसबळ लागतं. सोयाबीन कापलं, मळलं आणि बाजारात घातलं. महाराष्ट्र आज देशातल्या पहिल्या दोन सोयाबीन-राज्यांत आहे. पण त्या सगळ्या शिवारातला किती दाणा शेतकऱ्याच्या ताटात येतो? वड्या करून यायचा प्रयत्न झाला, नाही असं नाही. पण त्या वड्यांची जाहिरात करणाऱ्यांनी 'अगदी मटणासारख्या लागतात' असं सांगून कोल्हापुरात स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. ज्या गावात रस्सा चाखून बकरं कुठल्या बाजारचं ते सांगणारी माणसं आहेत, तिथं असली तुलना करणं हे धाडस होतं.

खरं म्हणजे आपण कोल्हापूरकर सोयाबीन खातोच, फक्त कोंबडीमार्फत. दाणा गिरणीत जातो, तेल डब्यात जातं, पेंड कोंबडीत जाते आणि कोंबडी आपल्यात येते. या व्यवहारात कोंबडीचं प्रोटीन कधी कमी पडल्याचं ऐकलेलं नाही. आणि ज्या घरच्या बाईनं भर उन्हात ते सोयाबीन खुरपलं, तिच्या रक्ताच्या तपासणीत मात्र डॉक्टर काहीतरी कमी पडल्याचं सांगतात. हे गणित मला कुठल्याच इयत्तेत सुटलं नसतं.

बरं, प्रोटीन हा शब्द नवा असेल, पण वस्तू कोल्हापूरला नवी आहे म्हणावं तर तसंही नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं मैदान बांधलं, त्याच्या आधीपासून इथल्या तालमींत थंडाई घोटली जात होती. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध उभ्या उभ्या पिणारा माणूस काही कॅलरी मोजत नसतो. पण हे सगळं पैलवानाचं झालं. पैलवानाच्या आईनं काय खाल्लं, याची नोंद कुठल्याच तालमीत नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर मी 'आशियाई पद्धती'च्या मूळ प्रश्नाकडे वळलो, आणि तिथं आक्काचा मुद्दा बिनतोड असल्याचं आढळलं. कोशिंबिरीत कडधान्य घालायचं ही कल्पना आणायला योकोहामापर्यंत जायची गरजच नव्हती. निपाणीपर्यंत गेलं तरी भागतं. कन्नड मुलखात भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, खोबरं, लिंबू आणि वरून मोहरीची फोडणी, असा एक पदार्थ करतात. त्याचं नाव कोसंबरी. रामनवमीला पानकाबरोबर प्रसाद म्हणून वाटतात. कोशिंबीर आणि कोसंबरी! नावं ऐकूनच दोघी एका घरातल्या वाटतात, एक सीमेच्या अलीकडे दिली, एक पलीकडे. आपल्या चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंबेडाळ तरी दुसरं काय आहे? आणि कडधान्यांचे प्रकार करायची खोड तर आठ-नऊशे वर्षांची आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ११३० च्या सुमाराला 'मानसोल्लास' लिहिला. कोल्हापूरचे शिलाहार हे या चालुक्यांचे मांडलिक. त्या ग्रंथात राजानं हत्ती, रत्नं, संगीत यांच्या जोडीला जेवणही सोडलेलं नाही. उडदाची इडरिका, धोसक असले पदार्थ तिथं नांदतात. राजानं स्वतः पाककृती लिहाव्यात, याचा आमच्या घरातल्या पुरुषांनी विचार करावा.

मग त्या कोशिंबिरीत बाकी जे जे पडतं त्याचं मूळ गाव शोधलं. कोबी युरोपातून आला. मिरची अमेरिकेतून, पोर्तुगिजांच्या गलबतांतून. म्हणजे संकेश्वरी मिरचीचे पूर्वज समुद्र ओलांडून आलेले, आणि शिवाजी महाराजांच्या आजोबांच्या काळातलं कोल्हापूर मिऱ्यावर भागवत असण्याचाच संभव जास्त. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. ज्या दाण्याच्या कुटावाचून मराठी कोशिंबीर म्हणजे जाहीर बेअब्रू, तो दाणासुद्धा पाहुणा! आपला, अगदी जुना, घरचा म्हणावा असा एक तीळ. तो इतका जुना की 'तेल' हा शब्दच तिळावरून आला. आणि गूळ आपला. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवून गुळाची पेठ उभी केली. याच महाराजांनी पन्हाळ्याच्या बाजूला चहा-कॉफी लावून पाहिली, आणि गंगाराम कांबळे या दलित माणसाच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा घेतला. त्या एका कप चहानं गावाला जे शिकवलं ते व्याख्यानांनी शिकवलं नसतं. परकी वस्तू आणि परका ठरवलेला माणूस, दोघांनाही पंक्तीत घ्यायचा धडा या गावाला मिळालेला आहे. मग एका हिरव्या शेंगेनंच काय घोडं मारलंय?

आता प्रश्न, शेंगा आणायच्या कुठून? खास भाजीसाठी म्हणून सोयाबीनचे वाण आपल्या देशात निघालेत. रांचीच्या केंद्राचा 'स्वर्ण वसुंधरा' आहे, त्याचे दाणे मोठे आणि गोडसर. पण कोल्हापूरच्या मंडईत ते मागितलं तर भाजीवाली आधी शेपू पुढे करते आणि मग तोंडाकडे बघते. म्हणून मी कागलकडच्या आमच्या एका पाहुण्यांच्या रानात गेलो. जूनमध्ये पेरलेलं सोयाबीन साधारण पासष्ट ते पंचाहत्तर दिवसांनी शेंगेत भरतं. शेंग टच्च भरलेली पण अजून हिरवी, हीच खायची वेळ. म्हणजे नेमक्या गौरी-गणपतीच्या सुमाराला. मी बांधावरून म्हटलं, "पावणं, जरा हिरव्या शेंगा तोडून द्या. खायला."

"कुणाला खायला? म्हसरास्नी?"

"नाही, आक्काला."

पाहुण्यांनी खुरपं खाली ठेवलं. "आक्कांची तब्येत बरी हाय न्हवं?"

त्यांना निचिरेनपासून सगळा इतिहास सांगितला. तो त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, शेवटी एवढंच म्हणाले, "जपानातली माणसं खात्यात म्हणा की! मग काय, न्या." पण त्यांनी एक गोष्ट नीट विचार करून सांगितली. औषध मारलेल्या रानातल्या नको, बांधाकडच्या चार ओळींवर यंदा फवारा गेलेला नाही, तिथल्याच तोडा. हे भाचीच्या कृतीत नव्हतं. तेव्हा वाचकांनीही लक्षात ठेवावं.

कृती अशी. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात शेंगा टाकायच्या आणि सात-आठ मिनिटं खळखळू द्यायच्या. आपले तेलबियांचे दाणे जरा बारीक आणि चिवट असतात, तेव्हा दोन मिनिटं जास्त, कमी नको. कच्चट ठेवायच्या नाहीत, ते ट्रिप्सिनचं प्रकरण वर सांगितलंच आहे. मग गार पाण्यात, म्हणजे रंग हिरवा राहतो. शेंग दाबली की दाणे टुण्णदिशी उडतात, पहिले दोन-चार मांजराला मिळतात. वाटीभर दाण्यांत वाटीभर बारीक चिरलेला कोबी, एक किसलेलं गाजर, कांद्याची पात, कोथिंबीर. वरून ओतायला दोन चमचे तिळाचं तेल, एका लिंबाचा रस, बोटभर आल्याचा कीस, सुपारीएवढा गूळ, एक हिरवी मिरची ठेचून आणि चमचाभर सोया सॉस. तो खारट असतो, म्हणून मीठ शेवटी चाखून. भाजलेले तीळ भुरभुरायचे. भाचीनं मापं ग्रॅममध्ये पाठवली होती. ती मी वाटी-चमच्यात बसवली, कारण कुंडलच्या कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा' लिहिताना वाटी आणि चमचा हीच मापं वापरून दिली, तेव्हापासून मराठी घरात ग्रॅमला कोणी विचारत नाही.

आक्कानं हे सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या पद्धतीनं केलं. सॉसची बाटली तिनं हुंगली आणि "ह्याला वास कसला, तालमीतल्या लंगोटासारखा" म्हणून अर्धाच चमचा घातला. मग मोहरी-हिंगाची फोडणी दिली, दाण्याचं कूट घातलं. मी म्हटलं, "अगं, जपानात फोडणी देत नाहीत."

"म्हणून तर पोरगी एवढी वाळलीय," आक्का म्हणाली.

पण खरी अडचण पुढंच होती. भाचीची कृती एका माणसाची होती आणि आक्काला एका माणसाचं काही करताच येत नाही. साठ वर्षांची सवय. तिनं पातेलं घेतलं ते सहाजणांचं. मग एक वाटी शेजारच्या काकूंना गेली, त्यांच्याही घरात त्या एकट्याच. एक समोरच्या शिकणाऱ्या पोरांच्या खोलीवर गेली. एक कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला. वाट्या रिकाम्या परत पाठवायच्या नाहीत हा आपल्याकडचा कायदा, त्यामुळे काकूंची वाटी मुगाच्या उसळीनं भरून आली, पोरांची केळी घालून आली, आणि इस्त्रीवाला स्वतःच वाटी घेऊन आला, "आक्का, जरा झणझणीत पायजे हुतं" हे सांगायला. दहा मिनिटांच्या कोशिंबिरीला अडीच तास लागले. उसळीबरोबर खायला म्हणून आक्कानं तवा तापवला आणि दोन भाकरी थापल्या. एक मला दिली, एक तिनं खाल्ली.

रात्री भाचीनं फोनमधून ताट पाहिलं. भाकरी, उसळ, कोशिंबीर, केळं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, दहा मिनिटांचं सांगितलं होतं गं मी." आणि तिकडे तोंड फिरवून नाक पुसायला लागली. योकोहामाला तेव्हा थंडी नव्हती.

शेंगांचा मोसम तसा पंधरा दिवसांचा. नंतर त्या पिवळ्या पडतात, वाळतात आणि मळणीला जातात. पाहुण्यांचं सोयाबीनही गेलं. पण परवा ते काही कामानं मंगळवार पेठेत आले होते, आक्काच्या हातचा चहा घेतला आणि जाता जाता सांगून गेले, की पुढच्या पावसाळ्यात बांधाकडच्या त्या चार ओळी मोडायच्या नाहीत असं घरात ठरलंय. त्यांच्या मालकिणीला आणि सुनेलाही शेंगा आवडल्या. ओळींना रानात आता 'आक्काच्या ओळी' म्हणतात. तेवढं सोयाबीन तेलाच्या गिरणीला मिळणार नाही, आणि कोंबड्यांनाही नाही.